वसावे आणि वसावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या मतदारयाद्या चाळल्या तर पानोपानी वसावे, पाडवी, वळवी, गावित, पावरा ही आडनावे भेटतात. पुण्या-मुंबईत मात्र ती क्वचितच ऐकू येतात.

यांतल्या काही आडनावांची नोंद थेट सरकारदप्तरी, अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. तिथे भिल्ल समूहाच्या नोंदीत पावरा, वसावा, वसावे ही नावे आहेत, तर गामित समूहाच्या नोंदीत गावित, मावची आणि पाडवी. म्हणजे ही मुळात समाजांची, कुळांची नावे. शाळेच्या रजिस्टरात आणि सातबाऱ्यावर आडनावाचा रकाना भरायची वेळ आली, तेव्हा अनेकांनी हीच ओळख पुढे नेली असावी.

सीमेपलीकडे गुजरातमध्ये गेले की हिज्जे बदलतात. अक्कलकुव्याचे वसावे सागबारा-डेडियापाड्याकडे वसावा होतात, आणि नवापूरकडच्या गावितांच्या शेजारी व्यारा-सोनगडात गामित आढळतात. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची विभागणी झाली आणि मध्ये ही राज्यसीमा आली. सोयरिकी मात्र आजही सीमा ओलांडून होतात. वंशावळ शोधणाऱ्याने म्हणूनच दोन्ही राज्यांची कागदपत्रे पाहायला हवीत.

नवापूरचे माणिकराव गावित नंदुरबारमधून नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले, त्यामुळे गावित हे नाव दिल्लीपर्यंत पोचले. वसावे, वळवी यांचा इतिहास अजून बहुतांशी वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. तो त्यांच्याच बोलीत, आत्ताच नोंदवून ठेवायला हवा.