चित्रमालिकांची चित्रपट-रूपांतरे व प्रेक्षक-प्रतिसाद

चित्रमालिका, चित्रकथा किंवा चित्रकादंबरी (ग्राफिक नॉव्हेल) यांवर आधारित चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मूळ वाचकांकडून व नव्या प्रेक्षकांकडून उमटणाऱ्या प्रतिक्रियांचा विचार या लेखात केला आहे. मराठीत या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे ‘चिंटू’ (२०१२) हा चित्रपट होय. दैनिकातील चित्रमालिकेवरून तो तयार झाला. जागतिक पातळीवर ‘पर्सेपोलिस’, ‘वॉचमेन’ व ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या चित्रपटांना मिळालेला प्रतिसाद विशेष अभ्यासला जातो.

संज्ञा

दैनिकात तीन-चार चौकटींत संपणाऱ्या विनोदी चित्रांच्या ओळीस चित्रमालिका म्हणतात. संपूर्ण कथा चित्रांतून सांगणाऱ्या पुस्तिकेस चित्रकथा, तर प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या दीर्घ, सलग कृतीस चित्रकादंबरी असे म्हटले जाते. मराठी वाचकास यांपैकी पहिले दोन प्रकार अधिक परिचयाचे आहेत. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ आणि त्याआधीपासून निघणारी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही दोन्ही प्रकाशने मुंबईतूनच निघत. मराठीत मोठ्या चित्रकादंबऱ्या थोड्याच झाल्या. त्यामुळे रूपांतराची चर्चा मराठीत प्रामुख्याने चित्रमालिकेभोवती फिरते.

पूर्वपीठिका

आधी कागदावर पाहिलेली आकृती पडद्यावर हलताना पाहण्याचा अनुभव भारतीय प्रेक्षकास चित्रपटाच्या आरंभापासून आहे. राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांच्या शिळाछाप प्रती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघरी पोहोचल्या आणि राम, कृष्ण, सरस्वती यांचे चेहरे त्यांतून लोकमानसात ठरून गेले. दादासाहेब फाळके यांनी काही काळ रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले होते. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम पडद्यावर दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवत, अशी आठवण चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंखे या एकाच पुरुष नटाने केल्या होत्या, हेही येथे लक्षात घ्यावे. प्रेक्षकाच्या मनातील प्रतिमेशी पडद्यावरील प्रतिमा पुरेशी जुळली की उरलेले तो स्वतः भरून काढतो. जुळली नाही की त्याच प्रेक्षकाचा रोष ओढवतो.

वाचक आणि प्रेक्षक

अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) या ग्रंथात चित्रमालिकेच्या वाचनाची प्रक्रिया उलगडून दाखवली. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते, तिथेच कथा खऱ्या अर्थाने घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिल्या चौकटीत मुलाने चेंडू फेकला आणि दुसऱ्या चौकटीत काकू दारात उभ्या आहेत, तर काच फुटण्याचा आवाज वाचक स्वतः ऐकतो. पात्राचा आवाज, चालण्याची लकब, वाक्यावाक्यांतील विराम हे सर्व वाचकाच्या मनात तयार होते. मॅक्लाउड यांचा दुसरा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे: चेहरा जितक्या कमी रेषांत काढलेला, तितका तो अधिक वाचकांना आपला वाटतो.

चित्रपटात ही कोरी पट्टी नाहीशी होते. आवाज एकच असतो, चेहरा एका विशिष्ट मुलाचा असतो आणि वेळ दिग्दर्शकाच्या हाती असते. ‘हा आमचा अमुक नव्हे’ ही चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या वाचकाची प्रतिक्रिया हट्टीपणाची वाटली, तरी तिला असा आधार आहे. त्या पात्राचा निम्मा भाग त्याने स्वतः घडवलेला असतो. कादंबरीच्या वाचकाचेही असे होते, परंतु कादंबरीत चेहरा दिलेला नसतो. चित्रमालिकेत तो दिलेला असूनही अपुरा असतो, आणि तुलना त्या अपुरेपणाशी होते.

चिंटू

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रमालिका १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’ दैनिकात सुरू झाली. मध्यमवर्गीय मराठी घरातील एक शाळकरी मुलगा, त्याचे आईवडील, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या ही मित्रमंडळी, शेजारच्या जोशीकाकू आणि सतीशदादा एवढ्याच सामग्रीवर ती वर्षानुवर्षे रोज चालली. गृहपाठ, परीक्षा, क्रिकेट, खाऊ आणि मोठ्यांचे उपदेश हे तिचे विषय. तिचे निवडक भाग पुस्तकरूपानेही निघाले.

या मालिकेवर श्रीरंग गोडबोले दिग्दर्शित ‘चिंटू’ हा चित्रपट १८ मे २०१२ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत प्रदर्शित झाला. चिंटूची भूमिका शुभंकर अत्रे या बालकलाकाराने केली. आईवडिलांच्या भूमिकांत विभावरी देशपांडे व सुबोध भावे होते. वर्षभराच्या आतच, एप्रिल २०१३ मध्ये, त्याच दिग्दर्शकाचा व त्याच बालकलाकाराचा ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’ हा दुसरा भाग आला. मराठीत बालचित्रपटाचा पुढील भाग इतक्या लवकर निघणे ही विरळा घटना होती.

या चित्रपटाचा प्रेक्षक दुहेरी होता. १९९१ मध्ये आठ वर्षांचा असलेला वाचक २०१२ मध्ये एकोणतीस वर्षांचा झाला होता, मात्र चिंटू अजून शाळेतच होता. चित्रमालिकेतील मुलाचे वय वाढत नाही, वाचकाचे वाढते. त्यामुळे तिकीट काढणारा पालक स्वतःच्या बालपणाशी पडद्याची तुलना करणार आणि शेजारी बसलेले मूल मात्र एक नवीन गोष्ट पाहणार, अशी स्थिती निर्माण झाली. मोठ्या प्रेक्षकाची अपेक्षा चौथ्या चौकटीतील चपखल उत्तराची असते, तर लहान मुलास पुढे काय होते हे हवे असते. दोन्ही एका चित्रपटात साधणे अवघड आहे, कारण दर दोन मिनिटांनी येणारा विनोद कथेची गती तोडतो. चित्रमालिकेत चिंटू रोज जिंकतो किंवा हरतो आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत होते. दोन तासांच्या चित्रपटास असे पूर्ववत होणे परवडत नाही.

दुसरी अडचण नटाची आहे. रेषेतील मुलगा अमर असतो, परंतु बालकलाकार दोन वर्षांत उंच होतो आणि त्याचा आवाज फुटतो. दुसरा भाग लगोलग येण्यामागे निर्मात्यांचा विचार काहीही असो, बालपात्रांवरील प्रत्येक मालिकेला हे घड्याळ लागू पडते.

मैदानाचे कथानक

सलग कथा नसलेल्या मालिकेस कथा द्यायची, तर काहीतरी गमावण्याची भीती निर्माण करावी लागते. ‘चिंटू’ चित्रपटाने त्यासाठी मुलांच्या खेळाच्या मैदानाची निवड केली: सुट्टीत खेळायची जागा मोठ्यांच्या धंद्यासाठी बळकावली जाते आणि ती परत मिळवण्यासाठी मुले धडपडतात. अकरा वर्षांनंतर झोया अख्तर यांनी अमेरिकी ‘आर्ची’ चित्रकथांवरून ‘द आर्चीज’ हा हिंदी चित्रपट केला (नेटफ्लिक्स, ७ डिसेंबर २०२३). त्यात १९६४ च्या काळातील एका काल्पनिक अँग्लो-इंडियन वस्तीतील तरुण मुले गावातील सार्वजनिक उद्यान बांधकामापासून वाचवतात. मूळ आर्ची चित्रकथा १९४१ पासून चालू आहेत आणि त्यांचा गाभा प्रेमाचा त्रिकोण हा आहे. दोन वेगळ्या भाषांतील दोन रूपांतरकारांनी मोकळ्या जागेचाच प्रश्न निवडावा, यास योगायोग म्हणता येईल, परंतु प्रेक्षकाच्या दृष्टीने तो अर्थपूर्ण योगायोग आहे.

मुंबई महानगर प्रदेशातील प्रेक्षकास हे कथानक समजावून सांगावे लागत नाही. सिडको या महामंडळाने १९७० नंतर आखणी करून वसवलेल्या नवी मुंबईत प्रत्येक विभागात मैदाने व उद्याने यांसाठी जागा दाखवलेल्या होत्या. तरीही घणसोली येथे शासकीय क्रीडा संकुलासाठी राखलेली सुमारे २० एकर जमीन अन्य उपयोगास देऊन संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात हलवण्याचा निर्णय झाला होता. वास्तुविशारदांच्या संस्थेने तो न्यायालयात नेला आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. चिंटूचे मैदान विनोदी चित्रपटातील आहे. घणसोलीचे मैदान आराखड्यातील आहे. मुलांच्या बाजूने दाद मागणारे मोठे मात्र दोन्हीकडे लागतात.

‘द आर्चीज’विषयीची चर्चा उद्यानाकडे फारशी वळलीच नाही. प्रमुख भूमिकांत नामवंत चित्रपट-घराण्यांतील नवोदितांची निवड झाली आणि प्रतिसादाचा मोठा भाग घराणेशाहीच्या वादाने व्यापला. रूपांतराचे यशापयश बाजूस पडून पात्रनिवडच वादाचा विषय होण्याचे हे उदाहरण होय. असे पूर्वीही घडले आहे: टिम बर्टन यांच्या ‘बॅटमन’ (१९८९) साठी विनोदी नट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मायकल कीटन यांची निवड जाहीर झाली, तेव्हा चित्रपट तयार होण्यापूर्वीच निर्मितीसंस्थेकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. प्रदर्शनानंतर त्याच भूमिकेसाठी कीटन यांचे कौतुक झाले.

पर्सेपोलिस

इराणी-फ्रेंच लेखिका व चित्रकार मर्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही आत्मचरित्रात्मक चित्रकादंबरी २००० ते २००३ या काळात चार भागांत फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. १९७९ ची इराणी क्रांती आणि त्यानंतरचे युद्ध एका मुलीच्या नजरेतून तीत दिसते. सत्रापी व व्हँसाँ पारोनो यांनी स्वतःच तिचा सचेतपट केला आणि त्यास २००७ च्या कान महोत्सवात परीक्षक पुरस्कार विभागून मिळाला. मूळ चित्रांची काळी-पांढरी, सपाट रेषा पडद्यावरही राखल्यामुळे वाचकांची नेहमीची तक्रार येथे उद्भवली नाही. वाद झाला तो अन्य कारणाने.

इराणच्या शासकीय चित्रपट संस्थेने निषेध नोंदवला. त्याच वर्षी बँकॉकच्या महोत्सवातून हा चित्रपट वगळण्यात आला. लेबनॉनमध्ये २००८ मध्ये प्रथम बंदी आली आणि टीका झाल्यावर ती उठली. सर्वांत तीव्र प्रतिक्रिया ट्यूनिशियात उमटली. तेथील क्रांतीनंतरच्या पहिल्या निवडणुकीस काही दिवस उरले असताना, ऑक्टोबर २०११ मध्ये, नेस्मा या खाजगी वाहिनीने हा सचेतपट दाखवला. लहान मुलगी ईश्वराशी बोलते त्या प्रसंगात ईश्वराची आकृती दिसते. त्यावरून निदर्शने झाली आणि वाहिनीच्या कार्यालयावर जमाव चालून गेला. मे २०१२ मध्ये न्यायालयाने वाहिनीचे प्रमुख नबील करवी यांना २,४०० दिनार दंड ठोठावला.

येथे एक तपशील निर्णायक आहे. वाहिनीने तो ट्यूनिशियातील बोलीभाषेत ध्वनिमुद्रित करून घराघरांत दाखवला होता. फ्रेंच भाषेत, महोत्सवाच्या अंधारात पाहिलेले चित्र आणि आपल्या आईच्या बोलीत, दिवाणखान्यात ऐकलेले चित्र एकच राहत नाही. परक्या भाषेचे अंतर गळून पडले की कृती जवळची होते, मग ती प्रिय होवो की असह्य. बोलीतील चिंटू मराठी प्रेक्षकास चटकन आपलासा वाटतो, त्यामागेही हेच कारण आहे.

मूळ कृतीशी निष्ठा

ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ १९८६–८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध झाली आणि दीर्घकाळ चित्रपटास अयोग्य मानली गेली. झॅक स्नायडर यांच्या २००९ च्या चित्रपटाने अनेक चौकटी जशाच्या तशा पडद्यावर आणल्या, परंतु शेवट बदलला. मूळ कथेतील महाकाय प्राण्याऐवजी संहाराचा दोष डॉक्टर मॅनहॅटन या पात्रावर जातो असे दाखवले. प्रेक्षक दोन्ही बाजूंनी विभागले गेले: काहींना शेवटाचा बदल खटकला, काहींना उरलेल्या भागातील अतिनिष्ठा निर्जीव वाटली. मूर यांनी चित्रपटास आपले नाव देण्यास नकार दिला. चित्रकार गिबन्स यांनी मात्र सहकार्य केले. एकाच कृतीचे दोन जनक दोन बाजूंना असल्याने ‘मूळकाराची इच्छा’ हा युक्तिवाद या प्रकरणी कुणालाच पूर्णपणे वापरता येत नाही.

‘व्ही फॉर व्हेंडेटा’ (२००६) मधील मुखवट्याचे भवितव्य याहून निराळे ठरले. चित्रकार डेव्हिड लॉइड यांनी रेखाटलेला गाय फॉक्सचा हा चेहरा चित्रपटामुळे जगभर पोहोचला आणि २००८ नंतर ‘अनॉनिमस’ या गटाच्या व २०११ च्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनाच्या निदर्शनांत दिसू लागला. प्रेक्षकांनी येथे कथा बाजूस ठेवून केवळ एक आकृती उचलली.

मराठीतील निष्ठेचा प्रश्न ‘फास्टर फेणे’ (२०१७) च्या निमित्ताने पुढे आला. भा. रा. भागवत यांच्या कादंबऱ्या चित्रमालिका नव्हेत, तथापि चट्टेरीपट्टेरी वेषातील सायकलस्वार बनेश हे पात्र वाचकांच्या मनात चित्रासारखेच ठसलेले होते, आणि १९८० च्या दशकातील दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन यांनी ते साकारलेही होते. आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ यांनी साकारलेला बनेश शाळकरी नसून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसलेला तरुण आहे. दिलीप प्रभावळकर यांनी स्वतः भागवतांचीच भूमिका केली. वय वाढवण्याचा निर्णय ‘चिंटू’च्या अगदी उलट आहे: येथे पात्रास वाचकाबरोबर मोठे होऊ दिले.

प्रतिसाद आणि प्रदर्शनव्यवस्था

मराठी चित्रपटास मिळालेला प्रतिसाद केवळ कलाकृतीवरून जोखणे धोक्याचे आहे. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा मिळत नाहीत, ही निर्मात्यांची जुनी तक्रार आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना प्रमुख वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन जाहीर केल्यावर मोठा वाद झाला. पुढे ही वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ठरवण्यात आली. बालचित्रपटाच्या बाबतीत ही वेळ अधिकच कळीची ठरते. वाशी किंवा खारघर येथील मॉलमध्ये सकाळी साडेनऊचा किंवा रात्री दहाचा एकच खेळ असेल, तर आठ वर्षांच्या प्रेक्षकाची प्रतिक्रिया नोंदली जाण्याची शक्यताच उरत नाही.