हिवाळ्यातली तीन शहरे : प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता शिष्यवृत्ती मिळवून युरोपात शिकायला जात आहेत. नाताळात तिथली विद्यापीठे बंद असतात. वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने बसण्यापेक्षा ही मुले चार पैसे साठवून जवळची शहरे पाहून येतात. घरी फोटो येतात. त्यांत राजवाडा असतो, चर्च असते, बर्फ असतो. आईवडिलांना समाधान वाटते, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांना या शहरांनी कोंडले, हाकलले, मारले, त्यांच्याही खुणा तिथे जपून ठेवलेल्या आहेत. त्या मुद्दाम जाऊन पाहाव्या लागतात. त्यासाठीच ही माहिती.

एकाच रेल्वेमार्गावरची तीन शहरे घेऊ. प्रागहून व्हिएन्नाला गाडीने सुमारे चार तास लागतात आणि व्हिएन्नाहून बुडापेस्टला अडीच-तीन तास. तिन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. जर्मनीत राहण्याचा परवाना असलेल्या विद्यार्थ्याला वेगळा व्हिसा लागत नाही, इंग्लंडहून येणाऱ्याला मात्र तो काढावा लागतो. चलने तीन : चेक कोरुना, युरो आणि फोरिंट. डिसेंबरात सूर्य आठच्या आसपास उगवतो आणि चारला मावळतो. म्हणजे उजेडाचे तास आठच. बाहेरचे सकाळी पाहावे, संग्रहालये दुपारी. एका जाड कोटापेक्षा आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट असे थर बरे पडतात. कानटोपी, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेतच.

प्रागमध्ये सगळे पर्यटक जुन्या चौकातल्या घड्याळाखाली गर्दी करतात. ते घड्याळ १४१० सालचे, आणि अजून चालते. तिथून थोडे चालले की चार्ल्स पूल लागतो. त्याचा पाया १३५७ साली घातला. पुलावर ३० पुतळे आणि पुतळ्यांचे गट आहेत. त्यांतल्या क्रुसावरच्या येशूभोवती सोनेरी हिब्रू अक्षरे दिसतील. फोटो सगळे काढतात, खालची पाटी थोडेच वाचतात. १६९६ साली एलियास बॅकोफेन नावाच्या ज्यू गृहस्थावर धर्मनिंदेचा आरोप ठेवला गेला आणि शिक्षा म्हणून ही अक्षरे त्याच्या पैशाने बसवली गेली. शब्द ज्यूंच्याच प्रार्थनेतले, पैसा ज्यूचा, आणि हेतू ज्यूंना रोज खाली मान घालायला लावण्याचा. अक्षरे काढून टाकण्याऐवजी शहराने २००० साली तिथे हकिकत सांगणारी पाटी लावली. मला हे पटते. पुसून टाकले असते तर विचारणाराच उरला नसता.

पुलापासून जवळच योसेफोव्ह, म्हणजे जुना ज्यू मोहल्ला. इथे त्यांना शतकानुशतके कोंडून ठेवले होते. दफनासाठीही जमीन वाढवून मिळेना, म्हणून जुन्या थडग्यांवर माती टाकून वर नवी थडगी केली. काही ठिकाणी असे बारा थर आहेत. सर्वांत जुनी शिळा १४३९ ची, शेवटचे दफन १७८७ चे. वर सुमारे १२,००० शिळा एकमेकींवर कललेल्या उभ्या आहेत. बर्फ पडला की त्यांच्यामधली जागाही दिसेनाशी होते. शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रे आहेत. छावणीत त्यांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रिडल डिकर-ब्रांडाइस यांना १९४४ मध्ये ऑश्विट्झला नेऊन मारण्यात आले. चित्रे मात्र वाचली. ही ठिकाणे शनिवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून जावे.

डिसेंबर १७४४ मध्ये, ऐन थंडीत, राणी मारिया थेरेसाने प्रागमधल्या ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला होता. त्यांना परतायला १७४८ साल उजाडले. त्याच राणीचा शोनब्रुन राजवाडा व्हिएन्नात पाहायला मिळतो. खोल्या १,४४१, घराणे एक. राजवाडा जरूर पाहावा, कारागिरांचे हात त्यात दिसतात.

मग यू-४ मेट्रोने शेवटच्या हायलिगेनश्टाट स्थानकावर उतरावे. समोरच कार्ल-मार्क्स-होफ आहे. लांबी एक किलोमीटरहून जास्त आणि घरे १,३८२. म्हणजे राजवाड्यात जितक्या खोल्या, जवळजवळ तितकी इथे कामगारांची घरे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात घरांचे हाल होते. निवडून आलेल्या समाजवादी महापालिकेने १९२३ पासून घरकर बसवला. जितके घर आलिशान, तितका कर जास्त. त्यातून १९३४ पर्यंत ६०,००० च्या वर घरे बांधली. हे संकुल १९२७ ते १९३० मधले. घरात नळ आणि संडास, संकुलात धुलाईघर, स्नानगृह, बालवाडी, वाचनालय. घरे लहानच, पण हवा-उजेड भरपूर. त्याच दशकात आपल्या मुंबईत सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. एका कुटुंबाला एक खोली आणि संडास सामायिक. आपल्यापैकी कित्येकांचे बालपण तिथे गेले, तेव्हा जास्त सांगायला नको.

फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारी सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या, कारण कामगारांनी आत राहून प्रतिकार केला होता. आज तिथे खिडक्यांत कुंड्या आहेत, दोरीवर कपडे आहेत, माणसे राहत आहेत. आत मोठ्याने बोलत फिरू नये. व्हिएन्नाचे निम्म्याच्या आसपास लोक अजूनही महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठी, संसदेपासून थोड्या अंतरावर, लोखंडी बुटांचे ६० जोड मांडलेले आहेत. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे काठावर उभे करून गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत जाऊ दिली. आधी बूट काढायला लावले, कारण बुटांना बाजारात किंमत होती. हे स्मारक २००५ चे. लोक त्या बुटांत फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. तिथून डोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगला जावे. १८५९ ची ही इमारत युरोपातल्या सिनेगॉगांत सर्वांत मोठी. त्या हिवाळ्यात घेट्टोत भुकेने आणि थंडीने मेलेल्या दोन हजारांवर माणसांना तिच्या अंगणातच पुरलेले आहे.

पैसे उरले तर संध्याकाळी सेचेनी स्नानगृह. १९१३ सालचे, पाणी जमिनीतले गरम. १८९६ ची जुनी मेट्रो थेट तिथे जाते. बाहेर शून्याखाली थंडी आणि उघड्या कुंडात गरम पाणी, वाफेत समोरचा माणूस दिसत नाही. टॉवेल आणि रबरी चप्पल घरूनच न्यावी, तिथे महाग पडते.