तानाका, रायझो

(२७ फेब्रुवारी १८९२–९ जुलै १९६९). दुसऱ्या महायुद्धातील जपानी नौसेनाधिकारी व विनाशिकांच्या रात्रयुद्धातील तज्ञ. जन्म यामागुची प्रांतात. १९१३ मध्ये तो नाविक अकादमीतून उत्तीर्ण झाला. पुढे पाणतिरांच्या वापरात त्याने प्रावीण्य मिळविले. १९४१ मध्ये दुसऱ्या विनाशिका पथकाचे आधिपत्य त्याच्याकडे आले. जावा समुद्रातील लढाईत (फेब्रुवारी १९४२) या पथकाने भाग घेतला.

त्याची ख्याती मात्र सॉलोमन द्वीपसमूहातील ग्वादलकॅनाल बेटाच्या संग्रामाशी निगडित आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेने तेथील धावपट्टी काबीज केल्यामुळे मंदगती मालवाहू जहाजे पाठविणे जपानला दुरापास्त झाले. नोव्हेंबरमध्ये तानाकाच्या संरक्षणाखालील अशा ११ जहाजांपैकी केवळ ४ किनाऱ्यास लागली. त्यामुळे रसदीचा भार वेगवान विनाशिकांवर पडला. त्या रात्री येत आणि उजाडण्यापूर्वी शक्य तितक्या दूर निघून जात. अमेरिकन सैनिक या फेऱ्यांना ‘टोकिओ एक्सप्रेस’ म्हणत. शिध्याची पिंपे दोराने एकत्र बांधून समुद्रात सोडली जात व किनाऱ्यावरील सैनिक ती ओढून घेत. विनाशिकेचा हा उपयोग म्हणजे खरे तर तिच्या सामर्थ्याचा अपव्ययच होता.

३० नोव्हेंबरच्या रात्री तासाफारोंगानजीक तानाकाच्या ८ विनाशिकांची गाठ ५ अमेरिकन क्रूझर व ६ विनाशिकांशी पडली. त्याच्या सहा नौकांवर पिंपे लादलेली असल्याने राखीव पाणतीर मागे ठेवावे लागले होते. शिवाय शत्रूजवळ रडार होते. तानाकाने पिंपे उतरविणे थांबवून तत्काळ पाणतीर सोडण्याचा आदेश दिला. हे पाणतीर ऑक्सिजनवर चालत. त्यांचा पल्ला मोठा असे व पाण्यावर त्यांची रेघ क्वचितच दिसे. ‘नॉर्दॅम्प्टन’ ही क्रूझर बुडाली, आणखी तीन जबर जखमी झाल्या. जपानची ‘ताकानामी’ ही एकच विनाशिका गेली.

परंतु त्या रात्री बेटावरील उपाशी सैनिकांना शिधा मिळालाच नाही. अमेरिकन लेखकांनी या विजयाची वाखाणणी केली, तर जपानी नौदलात रसद न पोहोचल्याचा ठपका तानाकावर आला. बेट सोडावे, हे त्याचे मतही वरिष्ठांना रुचणारे नव्हते. डिसेंबरमध्ये त्याची ध्वजनौका ‘तेरुझुकी’ पाणतीर नौकांनी बुडविली व तो जखमी झाला. महिनाअखेर त्यास पदावरून दूर करण्यात आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानने ग्वादलकॅनाल सोडले. तानाका त्यानंतर ब्रह्मदेशात किनाऱ्यावरील कामावर राहिला. युद्धनौकांचे आधिपत्य त्यास पुन्हा मिळाले नाही. १९४४ मध्ये तो व्हाइस अ‍ॅडमिरल झाला व १९४६ मध्ये निवृत्त झाला. या मोहिमेविषयीचा त्याचा लेख १९५६ मध्ये एका अमेरिकन नाविक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.