फिरतां फिरतां सुकणारी माशी

मधांत बुडविलेला चमचा आडवा धरला, तर मध त्याच्या खालच्या अंगाला गोळा होतो आणि थोड्याच वेळांत थेंब गळूं लागतो. तोच चमचा चिमटींत धरून सावकाश फिरवीत राहिल्यास थेंब पडत नाहीं. भुदरगड तालुक्यांतील पाटगांव आज ‘मधाचें गांव’ म्हणून ओळखलें जातें. तेव्हां तालुक्याचें ठाणें जें गारगोटी, तेथील घरांत या प्रयोगाला साहित्याची वाण पडूं नये. चमच्यावर जें घडतें, त्याच्याच आधारावर मासे धरण्याच्या एका हौशी माणसाचें लहानसें यंत्र उभें आहे.

नदीवर गळ टाकून बसणारा नेहमींचा मनुष्य गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो. माशीवाल्याची तऱ्हा निराळी. तो गळाच्या दांडीवर रेशमी दोरा, कोंबड्याच्या मानेचीं पिसें व केस गुंडाळून पाण्यांतला किडा किंवा इवलीशी मासोळी वाटावी अशी आकृति घडवितो. इंग्रज तिला माशीच म्हणतात. मासा माशीला भुलावा, ही गंमत मात्र मराठीची. वेदगंगेचें पाणी दूधगंगेंतून ज्या कृष्णेला मिळतें, तिच्या खोऱ्यांत महासीर नांवाचा दांडगा मासा आहे. कर्नल साइक्स यांनीं 1839 सालीं त्याच्या दख्खनी जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि तिला खुद्री हें नांव दिलें. हा मासा माशीवर लागला म्हणजे त्याची ओढ अशी जबर असते कीं, कच्चा बांधलेला दोरा टिकत नाहीं.

म्हणून दोऱ्यावर शेवटीं रोगणाचा, अथवा दोन नळ्यांतून येणाऱ्या एपॉक्सी डिंकाचा लेप देतात. आणि तासाभराची मेहनत वायां जाते ती येथेंच. ओला लेप खालीं उतरतो, पोटाशीं फुगवटा धरतो, पाठीवरचे दोरे उघडे पडतात. कधीं तर दोरी ओंवण्याचें नेढेंच बुजून जातें. एका अंगाला जड झालेली माशी पाण्यांत कलती चालते.

यावर उपाय म्हणजे लेपाला ‘खालची बाजू’ फार वेळ मिळूं न देणें. गुरुत्वाकर्षण थांबवितां येत नाहीं. पण माशी फिरती ठेवली कीं त्याची ओढ क्षणांत या अंगाला, क्षणांत त्या अंगाला लागते आणि एकंदरींत फिटून जाते. मग द्रवाच्या पृष्ठताणाला वाव मिळतो व तो लेप सारखा, गुळगुळीत करतो. जत्रेंतल्या आकाशपाळण्यांत पाळणा वर जावो कीं खालीं येवो, बसणाऱ्याचें डोकें वरच राहतें. चकतींत रोंवलेल्या माशीचें तसें नाहीं. ती प्रत्येक फेऱ्यांत एकदां पुरी उलटते, मग ती मध्यापाशीं असो वा कडेला.

मायक्रोवेव्ह भट्टींतील कांचेची तबकडी फिरविणारी चपटी मोटर या कामाला उत्तम. ती मिनिटाला पांच-सहा फेरे घेते. सुरू होतांना कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे वळते, त्याची चिंता नको. मात्र भट्टी घरीं उघडण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. आंतील कपॅसिटर वीज तोडल्यावरहि जीवघेणा झटका देऊं शकतो. दुरुस्तीच्या दुकानांतून सुटी मोटर मागावी आणि तिच्यावरचा आंकडा वाचावा. कांहीं मोटरी 230 व्होल्टवर चालतात, तर कांहीं अवघ्या 21 वर, आणि ही दुसरी भिंतींतल्या विजेला जोडली कीं जळालीच. पहिलीची जोडणी वायरमनकडून झांकून घ्यावी. यांत्रिक खेळण्यांतली, दांतेरी चक्रांची, बॅटरीवर चालणारी मोटर याहून निर्धोक.

मोटर उभ्या फळीला अशी बसवावी कीं तिचा आंस जमिनीशीं समांतर राहील. आंसावर जुन्या रबरी चपलेच्या तळव्याची वाटीएवढी चकती घट्ट बसवावी, आणि गळांचीं टोंकें तिच्या कडेंत रोंवावीं. थर्माकोल सोपा वाटतो, पण कांहीं रोगणांतले द्रावक त्याला विरघळवून टाकतात. कोल्हापुरी चपलेचाहि उपयोग नाहीं. चामड्यांत गळ शिरणें कठीण आणि निघणें त्याहून कठीण.

वेगाची हांव धरूं नये. मध्यापासून पांच सेंटिमीटरवर, मिनिटाला सहा फेऱ्यांनीं, लेपाला बाहेर फेंकणारी ओढ त्याच्या वजनाच्या सुमारें पांचशेव्या हिश्श्याएवढी असते. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या 78 फेऱ्यांना ती वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाते; 300 फेऱ्यांना पांचपट होते, आणि मग लेप माशीवर न राहतां भिंतीवर दिसतो.

भुदरगडच्या पावसाळी दमट हवेंत एपॉक्सीवर कधीं धुरकट, चिकट साय येते. त्या दिवसांत काम बंद खोलींत, कोरड्या वेळीं करावें. मध्येंच वीज गेली तर आंसावरची चकती काढून घेऊन हातानें फिरवीत बसावें लागतें. लेप आळला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं माशीला बोट लावूं नये. कालवून उरलेला डिंक कागदावर ठेवावा आणि त्यांत काडी टोंचून पाहावी; काडीला तार सुटत असेल तोंवर चकती फिरूं द्यावी.