दुबार नावे : रंगवा, पण लगेच वगळू नका

लग्नघरात आमंत्रणांची यादी एका हातून कधीच होत नाही. वडील कचेरीतील मंडळींची नावे देतात, आई माहेरच्यांची, तर मावशी शेजारपाजारची. तिन्ही याद्या संगणकावर एक्सेलमध्ये एकत्र केल्या की काही नावे हमखास दोनदा येतात आणि एकाच घरी दोन पत्रिका जातात.

हे टाळणे सोपे आहे. नावांचा स्तंभ निवडून ‘होम’मधील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ उघडावे. तेथे ‘हायलाइट सेल्स रूल्स’ व त्यात ‘डुप्लिकेट व्हॅल्यूज’ निवडावे. दुबार आलेली सगळी नावे क्षणात रंगतात. एक्सेल २००७ पासून ही तयार सोय आहे.

मात्र रंग दिसताच नाव पुसू नये. एक सुनंदा कुलकर्णी आईची मैत्रीण आणि दुसरी वडिलांची चुलत बहीण असू शकते. चुलत बहिणीलाच पत्रिका गेली नाही, तर तो रुसवा वर्षानुवर्षे निघत नाही. उलट ‘कुलकर्णी’ व ‘कुळकर्णी’ असे लिहिलेली व्यक्ती एकच असली तरी संगणक तिला वेगळी मानतो. नावाच्या शेवटी चुकून रिकामी जागा सुटली तरीही नाव रंगत नाही.

म्हणून मोबाइल क्रमांकांचा स्तंभही असाच तपासावा. सर्व क्रमांक सलग १० आकड्यांत लिहावेत. दोन ओळींत नाव व क्रमांक दोन्ही जुळले, तर एक ओळ खुशाल वगळावी. फक्त क्रमांक जुळला, तर घर बहुधा एकच असते. फक्त नाव जुळले, तर ज्यांनी ते दिले त्यांना विचारल्याशिवाय पत्रिका कमी करू नये.