खर्चाची वही : महिन्याची की बाजाराची?

फोनवरून पैसे दिले की खर्चाची नोंद आपोआप होते, हा समज आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. खरं तर नोंद होते ती पैसे हलल्याची. एटीएममधून २,००० रुपये काढले की पासबुकात एक ओळ उमटते. त्यात तेल किती, तंबाखू किती, हे बँकेला ठाऊक नसतं. २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये तर पासबुकात फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, चहा-भाजीचे सुटे व्यवहार नाहीत. पासबुकातली गर्दी कमी करणं हाच त्या सोयीचा एक हेतू. दुकानदाराच्या वहीतली उधारी तर पासबुकात येतच नाही.

याहून खोल रुजलेला गैरसमज म्हणजे हिशेब महिन्याचाच असतो. तो पगारदाराचा. बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाडा तहसिलीत पैसा येतो धान विकल्यावर, नाहीतर तेंदूपत्त्याच्या हंगामात. मध्य प्रदेशात २०२४ साली हजार पुडक्यांच्या प्रमाण गोणीला ४,००० रुपये दर होता, म्हणजे ५० पानांच्या पुडक्याला चार रुपये. अशा घरात हंगामाचा महिना श्रीमंत दिसतो, भर पावसाळ्यातला दिवाळखोर, आणि दोन्ही चित्रं फसवी. खर्चाची चाल आठवडी बाजाराची असते, तेव्हा मोजणीही बाजार ते बाजार करावी. केंद्र सरकारचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षणही भाजी, मासळी, तेल यांचा खर्च गेल्या सात दिवसांचा विचारतं. कपडे आणि शिक्षणाचा मात्र वर्षाचा.

रोज पै-पै लिहायची गरज नाही. त्या हट्टापायीच वह्या अर्ध्यावर सुटतात. बाजाराच्या सकाळी घरात ८०० रुपये होते, पुढच्या बाजाराला १४० उरले, मध्ये काही जमा नाही आणि उधारी ६० रुपयांनी वाढली. म्हणजे आठवड्याचा खर्च ७२०. फोनवरून गेलेले वेगळे मिळवायचे, मधे मजुरी आली तर तीही. यावर कोणी म्हणेल, पैसा कशावर गेला ते यातून कुठे कळतं? आक्षेप बरोबर आहे. पण आकडा फुगलेला दिसला की त्याच आठवड्याची आठवण ताजी असते, महिन्याची नसते. बियाणं, शाळा, लग्नाचा आहेर हे वहीच्या मागच्या पानांवर वर्षाच्या हिशेबात लिहावं, नाहीतर एकच आठवडा सगळं चित्र बिघडवतो. मागची चार पानं त्यासाठी ठेवली, तरी बाजाराला एक पान धरून शंभर पानी वही पावणेदोन वर्षं पुरते.