अंधाराचा फोटो

कॅमेऱ्याच्या लेन्सला झाकण लावायचं, खोलीतले दिवे मालवायचे आणि पाच मिनिटांचं एक्स्पोजर द्यायचं. फोटो कोरा काळा यायला हवा. पण संगणकावर तो उजळून पाहिला की लाल, निळे, हिरवे ठिपके लुकलुकताना दिसतात. आत प्रकाश गेलेलाच नाही, मग हे तारे कुठले?

ते सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेचे. सिलिकॉनवर फोटॉन आदळला की इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि कॅमेरा असे सुटे इलेक्ट्रॉन मोजतो. पण सिलिकॉनचे अणू उष्णतेनं सतत थरथरत असतात. त्या थरथरीनंही इलेक्ट्रॉन सुटतात. देवयानी दीर्घिकेतून २५ लाख वर्षं प्रवास करून आलेल्या प्रकाशानं सोडवलेला इलेक्ट्रॉन आणि मे महिन्याच्या उकाड्यानं सोडवलेला इलेक्ट्रॉन यांत तसूभरही फरक नसतो! ही गोष्ट मला अजून थक्क करते.

उष्णतेनं होणारी ही इलेक्ट्रॉनांची गळती ढोबळमानानं दर सहा-सात अंशांना दुप्पट होते. म्हणून खगोल-कॅमेऱ्यात सेन्सरमागे पेल्टिए कूलर, म्हणजे विजेवर चालणारा छोटा शीतक, असतो. तो हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जाऊ शकतो. बाहेर ३० अंश असताना उणे २० चा हट्ट धरला तर पूर्ण ताकद लावूनही तो तिथे पोहोचत नाही आणि तापमान रात्रभर हलत राहतं. त्यापेक्षा शून्यावर स्थिर राहिलेलं बरं. कारण खऱ्या फोटोतून ही उष्णतेची भर वजा करण्यासाठी घ्यायची डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून काढलेला फोटो, त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाची, त्याच गेनवर, म्हणजे सिग्नल तेवढाच वाढवून, लागते. तापमान असं बांधता आलं की तिच्यासाठी स्वच्छ रात्र खर्ची घालावी लागत नाही. आषाढात आभाळ गच्च असताना घरी बसून सगळा संच तयार करता येतो.

मात्र वजाबाकी सगळं पुसत नाही. एखाद्या पिक्सेलमध्ये उष्णतेचे सरासरी ४०० इलेक्ट्रॉन साठत असतील, तर दर फोटोत तो आकडा वर्गमुळाइतका, म्हणजे २० नं, खालीवर होतो. सरासरी वजा होते, ही चलबिचल होत नाही. उलट एकच डार्क फ्रेम वापरली तर तिची चलबिचलही मिसळून २० चे २८ होतात! म्हणून वीस-तीस फ्रेमची सरासरी घेतात. आणि म्हणूनच थंडाव्याला पर्याय नाही: ४०० चे ४ झाले की चलबिचल २ वर येते.

हबल दुर्बिणीवर २००९ मध्ये बसवलेल्या वाइड फील्ड कॅमेरा ३ चा दृश्य प्रकाशाचा सेन्सर उणे ८३ अंशांवर ठेवतात. तरीही अवकाशातल्या किरणांचे घाव बसून त्यात रोज नवे हॉट पिक्सेल, म्हणजे जास्त गळणारे पिक्सेल, उगवतात. त्यावर उपाय मात्र उबेचाच. दर महिन्याला हा सेन्सर मुद्दाम सुमारे २० अंशांपर्यंत तापवतात, आणि एवढ्यानं बिघडलेले बरेचसे पिक्सेल बरे होतात. जे होत नाहीत, त्यांची नोंद ठेवून फोटोवर प्रक्रिया करताना त्यांना खूण केली जाते.